त्या कोणाकडच्या?

१

दुपारची जेवणं आटोपली की त्या घरात जो तो आपापल्या कोपऱ्याला लागे. सासूबाई डोळ्यांवर रुमाल टाकून आडव्या होत, नणंद फोन घेऊन गच्चीत जाई आणि नवी सून पुढच्या खोलीत सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसे. नव्याची नवलाई असते म्हणतात, पण हिच्या वाट्याला आले ते जुने, तेही बहुतेक मेलेले.

सासरे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आता घराण्याचा इतिहास लिहीत होते. एका मोठ्या कागदावर त्यांनी झाड काढलं होतं आणि त्याच्या प्रत्येक पानावर एक माणूस लिहिला होता. पानं अशी तजेलदार की वाटावं, माणसं गेली तरी पानं काही वाळायची नाहीत. धाकट्या लेकीच्या लग्नात हे सगळं पुस्तक करून पाहुण्यांना वाटायचं होतं. त्या लेकीला घरात बुटकी म्हणत, कारण घरात सगळ्यांत उंच तीच.

सुनेला हे काम मिळालं ते तिच्या जुन्या नोकरीमुळे. लग्नाआधी ती एका विमा कंपनीत दावे पडताळायची. कोण कधी गेलं, खरंच गेलं का, आणि गेलेला माणूस तोच का, हे बघायचं. सासऱ्यांना याचं भारी कौतुक.

"सूनबाई, तो तुमचा नियम सांगा परत."

"एका गोष्टीला दोन साक्षीदार, बाबा. आणि त्यांनी ती एकमेकांकडून ऐकलेली नसावी."

"आणि ऐकलेली असेल तर?"

"तर घागरी दोन, पण विहीर एकच."

म्हणून ती प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारी, कोणी सांगितलं? एरवी मात्र बोलायची कमी, बघायची जास्त. जेवायच्या वेळी सासूबाई ताटं मांडत, तेव्हा नेमकं तिचंच ताट राहून जाई. "अगं बाई, तू आहेस होय! तुझा आवाजच नसतो गं घरात!" सगळे हसत. तीही हसे आणि स्वतःचं ताट स्वतः घेऊन येई.

झाडावर नवऱ्याच्या पानाला चिकटून एक कोरं पान होतं. पडताळणी संपली की त्यावर तिचं नाव लिहायचं ठरलं होतं. तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज खुर्चीवर बसताना तिची नजर आधी त्या पानाकडे जायची. एकदा तिथे नाव आलं म्हणजे ताट विसरलं तरी चालणार होतं.

२

अडलं ते सासऱ्यांच्या आजीपाशी.

"आजीला मी पाहिलंच नाही," सासरे म्हणाले. "माझे वडील रांगत होते, तेव्हाच ती घर सोडून गेली. सकाळी दार उघडं, चूल थंड. जी गेली ती गेली, मागे वळून बघितलं नाही."

दुसरी साक्षीदार सासऱ्यांची थोरली बहीण, आत्याबाई. त्या परगावी राहायच्या. बहीणभावांत एका कपाटावरून कित्येक वर्षांचा अबोला होता, म्हणजे साक्षीदार म्हणून अगदी नामी. सुनेने फोन केला.

"आजी ना? बाबा रांगत होते तेव्हाच गेली बघ. सकाळी दार उघडं, चूल थंड. जी गेली ती गेली, मागे वळून बघितलं नाही."

सुनेचं पेन थांबलं. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात, हे ठीक. पण दोघांची गोष्ट शब्दाला शब्द लागून येते, तेव्हा त्यांनी ती बघितलेली नसते. त्यांच्याकडून ती घोकून घेतलेली असते.

तिने नगरपालिकेत अर्ज टाकला. खिडकीतल्या कारकुनाने नक्कल पुढे सरकवली आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "पणजेसासू का? बरं आयुष्य मिळालं की!"

मृत्यू याच घरात. कारण म्हातारपण. खबर देणारा मुलगा. आणि साल असं, की तेव्हा सासरे चौथी-पाचवीत असावेत.

"नावात घोळ असेल," सासरे म्हणाले.

"आजीच्या नवऱ्याचं नाव, पत्ता, सगळं जुळतंय बाबा."

"अहो, आजी घरात असती तर मला आठवली नसती? काहीतरीच तुमचं!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळू आवाजात म्हणाले, "सही मात्र वडिलांचीच आहे."

सुनेने जुने फोटो काढले. घरातल्या मंडळींचे, ओळीने उभे राहून काढलेले. तीन फोटोंत अगदी कडेला एकच बाई होती, दर फोटोत थोडी अधिक वाकलेली.

"ही कोण?"

"कोणी पाहुणी असेल."

"प्रत्येक फोटोत?"

आतून रुमालाखालून सासूबाईंचा आवाज आला, "काही पाहुणे लवकर हलत नाहीत गं. माझ्या जाऊबाई बघितल्या नाहीस तू."

सून हसली. पण तिच्या मनात एक चित्र येऊन बसलं होतं. एक बाई चाळीसेक वर्षं या घरात उठते, बसते, जेवते, म्हातारी होते. आणि तिचा सख्खा नातू तिच्या शेजारून शाळेत जाताना समजतो, की आजी कधीच निघून गेली.

३

"बाबा, आजी गेली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सासऱ्यांनी छताकडे बघितलं. तेवढ्यात घराच्या मागच्या अंगाला 'फट्' असा आवाज झाला. धुतलेली चादर झटकल्यावर होतो तसा. सुनेला वाटलं, बुटकी गच्चीवरून खाली आली असावी.

"होती एक बाई," सासरे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत बसायची. आईच्या माहेरची कोणीतरी. गोष्टी काय सुरेख सांगायची! घरातल्या सगळ्यांच्या गोष्टी तिला पाठ."

आत्याबाईंना पुन्हा फोन. "आईच्या माहेरची? छे! त्याला काय कळतंय, त्याला ते कपाटही स्वतःचंच वाटतं. ती बाबांकडची होती."

"आई तसं म्हणायच्या?"

"आई म्हणायची, तुझ्या बाबांकडची. आणि बाबा..." आत्याबाई थांबल्या. "बाबा म्हणायचे, तुझ्या आईकडची."

सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्या रुमाल बाजूला करून उठूनच बसल्या. "मी नवी आले तेव्हा होती की! हात काय होता बाईचा! चादरीची घडी अशी, की कडेने कागद कापावा. अख्खं घर मला तिने शिकवलं. यांच्याकडची होती."

"वय काय असेल त्यांचं?"

"असेल की, माझ्या आईएवढं."

सासऱ्यांनाही त्यांच्या आईएवढीच आठवत होती. आत्याबाईंनाही. सुनेने मनातल्या मनात वर्षांची बेरीज केली आणि अर्ध्यावरच सोडून दिली. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नव्हता. मोठ्या घरात अशी एखादी बाई असतेच. एक गेली की दुसरी येते. चादरींच्या घड्या म्हणजे काही बोटांचे ठसे नव्हेत.

पण एक गोष्ट तिला राहून राहून खुपत होती. त्या बाईला कोणी, कधी, तोंडावर विचारलंच नव्हतं.

४

मागच्या खोलीत ऊन येत होतं. भिंतीला लागून कपाट, त्यात पांढऱ्या चादरींच्या चळती, एका कोपऱ्यात मोरी. खोली इतकी साधी, की तिच्याबद्दल शंका घ्यायचीही लाज वाटावी. सुनेने हात धुवायला नळाला हात घातला आणि तो उलटा फिरवून उघडला. पाणी आलं.

ती नळाकडे बघत राहिली.

हा नळ उलटा फिरतो, हे तिला कसं माहीत? नवरा तर अजून रोज सकाळी त्याच्याशी कुस्ती खेळतो.

लग्नाचा आठवडा. घर माणसांनी गजबजलेलं. ती जरा शांतता मिळावी म्हणून इथे येऊन बसली होती. खिडकीकडे पाठ करून कोणीतरी घड्या घालत होतं. "तो नळ उलटा फिरतो हं," असं आपुलकीने सांगत होतं. आणि मग, "तुझ्या लहानपणचं सांग की एखादं."

आणि ती, जिच्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागतो, ती घडाघडा बोलली होती. धाकटा भाऊ पाण्याच्या टाकीत पडला ती दुपार. ती नऊ वर्षांची होती. तिने टाकीच्या कडेवर पालथं पडून त्याला कॉलरला धरून वर ओढलं. कोपर सोलवटलं, त्याची खूण अजून आहे. एवढ्या आयुष्यात अभिमानाने सांगावी अशी तिची ही एकच गोष्ट, आणि तीही ती कोणाला सांगत नसे.

स्वयंपाकघरात येऊन तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आई, माझ्या लग्नात मागच्या खोलीत घड्या घालायला होत्या, त्या कोणाकडच्या?"

"अगं, तुमच्याकडच्याच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुझ्या आईने सोबत पाठवली. म्हटलं, बरी आहे बाई, कामाला वाघ."

माहेरी फोन केला. आई म्हणाली, "आपल्याकडची कुठली? मुलाकडच्या त्या. फार लाघवी बोलायच्या. तुझी तर किती चौकशी करत होत्या!"

५

त्यानंतरच्या रविवारी चहा घेताना नवरा म्हणाला, "तुझा भाऊ टाकीत पडला, तेव्हा तुझ्या मावसबहिणीने काढला ना गं त्याला? धीराची म्हणायची."

"मी काढला."

"तू?" तो प्रेमानेच हसला. "तू तिथे नव्हतीसच. मावशीकडे गेली होतीस."

ती उठली. फोन घेतला. आई म्हणाली, "अगं, तू तिथे नव्हतीसच. मावशीकडे गेली होतीस." भाऊ, जो स्वतः टाकीत पडला होता, तो म्हणाला, "ताई, तू तिथे नव्हतीसच. मावशीकडे..." तिने पुढचं ऐकलंच नाही.

"आणि माझ्या कोपरावरची खूण?"

"ती सायकलवरून पडलीस तेव्हाची," आई म्हणाली. "काय झालंय तुला? घरी सगळं ठीक आहे ना?"

तीन साक्षीदार, तेही एकमेकांपासून लांब राहणारे. विम्याच्या ऑफिसात तिने स्वतःच्या हाताने तो दावा फेटाळला असता. मग तिला आपली सवय आठवली.

"आई, मी मावशीकडे होते, हे तुला कोणी सांगितलं?"

"आता आईला कोणी सांगायला हवं होय? मी..." पलीकडे आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "लग्नात त्या बाई म्हणाल्या, तेव्हा लक्षात आलं बघ. भावालाही त्यांनीच आठवण करून दिली, जावईबापूंनाही त्यांनीच सांगितलं."

विहीर एकच होती. सुनेला क्षणभर हायसं वाटलं. अगदी गंमत वाटली म्हटलं तरी चालेल, कोडं सुटल्यावर वाटते तशी. पण हे दाखवायचं कोणाला? साक्षीदार खोटे ठरले, तरी तिच्या बाजूने साक्षीदार एकच उरत होती, ती स्वतः. आणि नियम तिचाच होता.

दुपारी ती खुर्ची ओढून बसली. सासरे हातात बारीक ब्रश घेऊन झाडाकडे बघत होते.

"सूनबाई, हे एक पान मी कोरं का ठेवलं बरं?"

"ते माझं आहे, बाबा."

"हो हो, बरोबर." त्यांनी ब्रश रंगात बुडवला. तो हातात तसाच धरून ते कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. भिडस्त माणूस नाव विसरला की बघतो तसे. मग अवघडून म्हणाले, "उद्या लिहू. आज हात थरथरतोय."

मागच्या खोलीत चादर झटकल्याचा आवाज झाला.

बुटकी तेव्हा त्यांच्या समोरच बसली होती. सासूबाई घोरत होत्या.

६

लग्नाच्या आदल्या दिवशी व्याह्यांकडची मंडळी जेवायला आली. भर दुपार, घरभर चपला, हसणं, भांड्यांचे आवाज. बुटकीला तिचे दीर "वहिनी, पंखा पुसायला शिडी नको आता" म्हणून चिडवत होते. सून वाढायला उभी राहिली तर सासूबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला? बसा ना." गडबडीत बोलल्या असतील, असं तिने स्वतःला समजावलं. गडबड तर होतीच.

फट्.

इतक्या गलक्यातही तो तिला स्पष्ट ऐकू आला. आणि तिला भीती वाटायच्या आधी एकच गोष्ट जाणवली, की आपल्याला बघायचंच आहे. कोणीही न विचारलेला प्रश्न विचारायचा आहे. शिवाय घरात पुन्हा लग्न होतं, आणि एक नवी नवरी उद्या या घरातून दुसऱ्या घरी जाणार होती. तिच्याबरोबर कोण जाणार, हे कोणीतरी पडताळायला हवं होतं.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत खिडकीच्या उन्हात एक मोठी चादर ताणून उभी धरलेली. वरच्या दोन कोपऱ्यांशी दोन हातांची बोटं. बाकी सगळं पांढऱ्यामागे.

"धर गं ते टोक," आवाज आला. मायेचा, रोजचा. "एकटीने होत नाही."

सुनेचे हात सवयीने पुढे झाले. तिने टोकं धरली.

"तुम्ही कोणाकडच्या?" तिने विचारलं.

चादर मधोमध दुमडली गेली. तिनेही दुमडली.

"मी नऊ वर्षांची होते," चादरीमागून आवाज म्हणाला. "टाकीची कड तापलेली होती. पालथी पडले तर पोट भाजलं. पाणी मात्र गार. त्याची कॉलर हातात आली आणि वरचं बटण तुटलं. ते मी तोंडात धरलं, हरवायला नको म्हणून. घरी जाईपर्यंत तोंडातच होतं."

बटणाचं सुनेने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. लग्नाच्या आठवड्यात इथे बसूनही नाही. त्याची चव, जराशी खारट, तिला या क्षणी जिभेवर आली.

मोठ्या चादरीची घडी घालताना दोन माणसांना जवळ यावं लागतं. आवाज एक पाऊल पुढे आला. तीही आली. चादर जरा खाली झुकली आणि समोरचं कोपर दिसलं, त्यावर पिकल्या वांग्याच्या सालीसारखी गुळगुळीत खूण. तिने झटकन स्वतःच्या कोपराकडे बघितलं. ते स्वच्छ होतं. सायकलवरून पडल्याचीसुद्धा खूण नव्हती.

पळून जावं, ओरडावं, टोकं सोडून द्यावीत. हे सगळं तिला सुचलं. पण त्याच्याही आधी दुसरंच सुचलं, आणि त्याची लाज नंतर कोणापाशी बोलून दाखवावी, तर तिला ओळखणारं कोणी उरायला हवं होतं. ही तिची साक्षीदार होती. आख्ख्या जगात आता एकच. ती तिथे होती, हे फक्त हिला माहीत होतं.

"वर काढल्यावर," सुनेने विचारलं, आणि स्वतःचाच आवाज तिला कापसासारखा वाटला, "तो पहिल्यांदा काय म्हणाला? मला आठवत नाहीये."

"सांगते ना," आवाज म्हणाला. "ये अजून जवळ."

बाहेर पावलं वाजली. व्याह्यांकडची कोणी काकू दारावरून जाता जाता थबकली. "विहीणबाई, या मागच्या खोलीतल्या दोघी तुमच्याकडच्या ना? केव्हाच्या राबतायत बिचाऱ्या!"

"नाही हो," सासूबाईंचा आवाज आला. "मला वाटलं, तुमच्याकडच्या."

"आई!" सून ओरडली. म्हणजे तिने तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि आजवर कधी ओरडली नव्हती तेवढ्याने ओरडली. बाहेर कोणीतरी पाणी मागितलं. कोणीतरी हसलं.

दार उघडलं. नवरा होता. घाईत, कपाळावर घाम, एका हातात पाण्याचा जग. तिला इतकं भरून आलं, की टोकं हातात तशीच धरून ती त्याच्याकडे वळली.

"अहो, मी..."

तो हसला. ओळखीचंच हसू. पाहुणे दारात आले की तो हसायचा ते.

"राहू द्या हो त्या घड्या," तो आदबीने म्हणाला. "आधी जेवून घ्या दोघीजणी. तुम्ही बुटकीच्या सासरकडच्या ना?"

समोरून चादर हलकेच ओढली गेली.